पायऱ्यांपाशी फाटक

म्हाताऱ्या सुताराने आयुष्यभर लोकांची दारं-खिडक्या केल्या, पण हत्यारांची पेटी घेऊन लेकीच्या घरी जायची वेळ आली ती जावई आंधळा झाल्यावर.

जावयाची दृष्टी हळूहळू गेली. आधी अंधारातलं दिसेना, मग कडेचं, मग काहीच. एकेकाळी घर डोक्यावर घेणारा हा माणूस आता मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसे. घरामागे पुरुषभर उंचीचा लाकडी ओटा होता, त्याला कठडा नव्हता.

"आप्पा, तिन्ही बाजूंनी कठडा घाला," लेक म्हणाली. "आणि पायऱ्यांपाशी फाटक. कडी बाहेरून."

"बाहेरून?"

"मी दिवसभर कामावर. यांच्याकडे बघायला आहे कोण घरात?"

म्हाताऱ्याने खांब उभे केले, गज बसवले. वरची दांडी रंध्याने गोल केली. मग डोळे मिटून तिच्यावरून तळवा फिरवला. जिथे खरखरीत लागलं तिथे पुन्हा पॉलिश पेपर घासला.

रंध्याचा आवाज ऐकून एक दिवस जावई आपणहून बाहेर आला. दांडी धरून चालत चालत पायऱ्यांपाशी पोचला आणि थांबला.

"इथे काय येणार?"

"फाटक," लेक म्हणाली.

"कोंबड्यांनासुद्धा दिवसातून एकदा सोडतात हो, आप्पा," जावई हसत म्हणाला.

फाटकासाठी कापलेल्या लाकडाची म्हाताऱ्याने पायऱ्यांलगत खालपर्यंत दांडी केली.

"मी काय सांगितलं होतं?" लेक कडाडली.

"माणसाला कोंडायची कडी माझ्या हातून नाही लागायची."

"उद्या पडले म्हणजे? तुमचं काय जातंय! निस्तरायचं मला आहे."

तिचं खरंच होतं.

जावई रोज खाली उतरू लागला. झाडाला टेकून बसायचा, वर यायचा, जेवणही नीट जायला लागलं. लेकीचा अबोला सुटतोय असं वाटत होतं, तोच एका ओल्या सकाळी त्याचा पाय सटकला. खुब्याचं हाड मोडलं.

म्हातारा धावतपळत दवाखान्यात पोचला. लेक बाकावर बसली होती, ती सरकली नाही.

"झालं समाधान?"

"त्यांना बोलू नकोस," आतून जावई म्हणाला. "माझ्या पायाने उतरलो मी."

"तुम्ही गप्प पडा," ती म्हणाली आणि रडायला लागली.

जावई घरी आला तेव्हा पायऱ्यांपाशी फाटक बसलेलं होतं. दुसऱ्या सुताराने केलं होतं, आणि बरं केलं होतं. बाहेरून कडीही होती. आता तिची गरजच नव्हती. आधाराशिवाय जावयाला उठतासुद्धा येत नव्हतं.

म्हातारा भेटायला गेला. लेकीने चहा दिला आणि आत गेली. ओट्यावर खुर्ची टाकून जावयाला बसवलेलं होतं.

"आप्पा, समोर काय दिसतंय ते सांगा."

"गवत वाढलंय," म्हातारा म्हणाला. "शेजाऱ्यांची चादर वाळत घातलीय."

"आणखी?"

म्हाताऱ्याला बोलण्याची सवय नव्हती. तो कठड्याला टेकून उभा राहिला आणि सांगण्यासारखं काही दिसतंय का, ते बघत राहिला.