एकही पाकीट न हरवणारा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मला पडदा नाही, कळफलक नाही, पण म्हणून हसू नका. पूर्वी मी एका कारकुनाच्या टेबलावर होतो. तिथून अडगळीत गेलो. मग या दवाखान्याचे नेटवर्क सांभाळणाऱ्या ताईंनी मला उचलून आणले, नवी आज्ञावली भरली आणि माझा राउटर केला. तेव्हापासून मी तपासणीच्या खोलीबाहेरच्या कपाटात असतो. इथले प्रत्येक बोलणे, प्रत्येक चित्र लहान लहान पाकिटांतून माझ्याकडे येते. मी पत्ता बघतो आणि पुढे धाडतो. स्वस्थ बसणे कसे असते, ते मी विसरलो आहे.

ताईंचा एक हट्ट होता. एकही पाकीट वाया जाता कामा नये. गर्दी वाढली, की त्या माझ्या दारातली रांग आणखी लांबवत. खरोखरच काही हरवत नसे. सगळे कौतुक करत आणि मी फुशारून जाई.

एके सकाळी निळसर ओठांचे एक तान्हे बाळ आले. आमच्या डॉक्टरीणबाई त्याच्या छातीवर यंत्र फिरवत होत्या. दूरच्या शहरातले मोठे डॉक्टर पडद्यावर त्याचे हृदय बघून हात कुठे न्यायचा ते सांगत होते. नेमकी त्याच वेळी क्ष-किरण विभागाची सगळी जुनी चित्रे बाहेर साठवायला निघाली होती. माझ्या दारातली रांग कुठच्या कुठे गेली आणि बाळाच्या हृदयाचे चित्र तिच्या शेपटाशी अडकले.

"थोडं डावीकडे," मोठे डॉक्टर म्हणाले.

"सर, तुम्ही कुठलं चित्र बघताय? मी कधीच पुढे आलेय."

"सापडलं का हो काही?" बाळाची आई विचारत होती. "औषध कधी देणार?"

"दोष दिसल्याशिवाय कुठलं औषध देऊ?"

दाराआडून मला सारे ऐकू येत होते. मी एकही पाकीट हरवले नव्हते आणि एकही वेळेवर पोचत नव्हते.

ताई धावत आल्या. "हरवत तर काहीच नाहीये," त्या पुटपुटल्या.

"ताई, चित्र जरा तुटलं तरी चालेल मला," डॉक्टरीणबाई आतून म्हणाल्या. "शिळं नको."

ताई माझ्यासमोर बसल्या. मग त्यांनी मला नीट न्याहाळले. माझ्या मेंदूच्या चार भागांपैकी एकटा पहिला मान मोडून राबत होता. प्रत्येक पाकीट त्याचेच दार ठोठावत होते, आणि बाकीचे तिघे हातावर हात ठेवून बसले होते. ताईंनी काम चौघांत वाटले. प्रत्येक टकटकीला उठण्याऐवजी मूठभर पाकिटे एकदम उचलायला शिकवले. शेवटी, ओठ चावत, रांग आखूड केली. मावेना ते पाकीट मी आयुष्यात पहिल्यांदा सोडून दिले. फार वाईट वाटले. क्ष-किरणवाल्या यंत्राने मात्र आपली हरवलेली पाकिटे निमूटपणे पुन्हा पाठवली.

"थांबा," मोठे डॉक्टर म्हणाले.

हात तिथेच थांबला.

"हेच ते. औषध सुरू करा आणि बाळाला माझ्याकडे पाठवा."

मित्रांनो, या वाटेने गेलात तर माझ्या पंख्यावरची धूळ तेवढी पुसा. आणि तुमच्या घरात कुणी एकटेच राबत असेल, तर शाबासकी देण्याआधी बाकीचे काय करताहेत ते बघा.

बाळाला मोठ्या डॉक्टरांच्या शहरात नेले, आणि मला चैन पडेना. पाकिटे मला उघडता येत नाहीत. त्या शहरातून येणाऱ्या प्रत्येकाचा मी नुसता पत्ता वाचत राहिलो. परवा डॉक्टरीणबाईंच्या पडद्यातून रडणे ऐकू आले, चांगले दणदणीत.

"ऐकलंत का?" त्याची आई म्हणत होती. "आता असा ओरडतो दिवसभर."

त्या रडण्यातले एखादे पाकीट माझ्याकडून हरवलेही असेल. कुणाला ते कळले नाही.