शहापुरातल्या मोरीतलं रक्त

शहापुरात विणकर बायाक्कांच्या न्हाणीत रक्त उसळलं म्हणताच दारात चपलांचा ढीग पडला. थोरल्या मुलाने दुबईहून वॉशिंग मशीन आणल्यापासून मोरी तुंबायची. आज तर तिच्यातून लालभडक पाणी वर आलं. त्या पाण्यात धाकटी सून अंजना केस सोडून, हात जोडून उभी होती. भावकू देवऋषीची तशी आज्ञाच होती.

"मोरीत नारळ बांधला, हळद भरली, तरी रगात वकतंय!" भावकू घुमत ओरडला. "ह्या निपाणीच्या पोरीमागनं आलंय हे. हिला आजच म्हायेरी धाडा, न्हायतर माग बंद पडंल!"

बायाक्कांनी अंजनाची ट्रंक दारात आणून ठेवली होती. नवरा परशराम खाली मान घालून ट्रंकेशेजारी उभा होता. अपमानाने अंजनाला रडू फुटणार, तोच तिचं लक्ष पदराकडे गेलं. भावकूने फासलेल्या हळदीवर फेस उडाला होता, आणि तेवढाच भाग लाल झाला होता. तिचं रडू आटलं. आता ह्याला इथेच, ह्याच पाण्यात उभा करायचा, असं तिने ठरवलं.

"आत्याबाई, हळदीचा डाग साबणानं धुतला की कसा हुतोय?"

"लाल," बायाक्का म्हणाल्या, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"जलमभर सुताला रंग दिलासा, आन् ह्या रंगाला भ्यालासा?" तिने ताटलीत हळद घेतली, वर मशीनमधलं साबणाचं पाणी ओतलं. ताटलीत रक्त झालं.

"मग पानी वर का येतंय?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"जुनी मोरी बादलीभर पाण्याची. मशीन टबभर पाणी एकदम सोडतंय. मागाचं सूत अडकून ती तुंबत हुती, त्यात ह्यानं नारळ कोंबला."

भावकू दाराकडे सरकला. अंजनाने कडी घातली.

"उतर रं खाली. घाल हात."

"देव कोपंल!"

"कोपू दे. घाल!"

कोपरापर्यंत हात गेला. फडक्यात बांधलेला नारळ निघाला, मागोमाग सुताचा चिकट बोळा. पाणी गडगडत उतरलं आणि लोक खदाखदा हसले. तरी अंजनाने त्याला सोडलं नाही. हळदीचा कण न् कण निघेपर्यंत त्याच्याकडून काथ्याने मोरी घासून घेतली. तिला दया आली नाही. बरं वाटलं, फार बरं वाटलं.

परशराम ट्रंक उचलायला वाकला. "हात लावू नगा," म्हणत तिने ती स्वतःच आत नेली.

लोकहो, मोरी तुंबली तर आधी मोरीत हात घाला. घरच्या सुनेला दारात उभं करायची घाई कशाला?