चेहरा परत येतो ते रीळ

माळ्यावरून उतरवलेल्या पेटीत पत्र्याचे सहा डबे होते. पाच डब्यांच्या झाकणांवर मेणकापड ताणून दोऱ्याने बांधलेले. सहाव्याचे झाकण चेपलेले, म्हणून नुसती सुतळी. पहिल्या दोन डब्यांत फितीचा चिकट गोळा निघाला. तिसऱ्यात आणि चौथ्यात पांढऱ्या भुकटीने माखलेली ठिसूळ चकती. पाचवा उघडताच खोलीभर व्हिनेगरचा वास पसरला आणि निरुपमाने खिडकी उघडली.

"आता एकच उरला," ती म्हणाली.

मित्रांनो, त्या उरलेल्या डब्यात मी होते. एका जुन्या कृष्णधवल भयपटाचे शेवटचे रीळ.

त्या सिनेमात गणिताच्या एका मास्तरांना रानात लांडगा चावतो. मग दर पौर्णिमेला त्यांच्या अंगावर केस उगवतात. मास्तर वाईट नाहीत. पौर्णिमा आली की ते स्वतःच आईला म्हणतात, "मला कोठारात कोंड, आणि मी कितीही ओरडलो तरी उघडू नकोस." पण कोंडलेला लांडगा दर महिन्याला जास्तच बळकट होत जातो. माझ्या वाट्याच्या भागात तो दार फोडून आईवर धावतो आणि आईला कोयता उगारावा लागतो. मग पडलेल्या लांडग्याचे केस हळूहळू विरतात, खालून मास्तरांचा चेहरा वर येतो. ते एवढेच म्हणतात, "आई, बरं केलंस."

हे कसे केले ते मला ठाऊक आहे. मास्तर झालेले नट तासन्‌तास हलायचे नाहीत. डोके वाळूच्या पिशव्यांत रुतवलेले असे. डिंकाने चिकटवलेले बोकडाचे केस थोडे काढायचे, थोडे चित्रण करायचे, पुन्हा थोडे काढायचे, आणि मग एक चित्र दुसऱ्यात विरघळवायचे. माझ्या एकाही चौकटीत काही हलत नाही. हलते ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांत.

ते नट बडोद्याचेच, मांडवीजवळ राहणारे श्रीकृष्ण. मी १९६६ साली मुंबईत छापले गेले आणि इथल्या टॉकीजमध्ये आले. पाच रिळे लोक आरडाओरडा करत. माझी पाळी आली की खारी शिंग, म्हणजे खारे शेंगदाणे, चावण्याचा आवाजसुद्धा थांबे. रस्त्यात पोरे श्रीकृष्णांना पाहून ओरडत, "ए, वरू आव्यो!" वरू म्हणजे गुजरातीत लांडगा. ते हात जोडून म्हणत, "भाई, पौर्णिमेला या. आज सुट्टी आहे."

सिनेमा उतरल्यावर निर्मात्याने एक वापरलेली प्रत त्यांना भेट दिली. चार वर्षांनी ते काविळीने गेले. मुलगी स्नेहलता तेव्हा दीड वर्षाची होती. त्यांचा घरात एकच फोटो होता, लग्नातला. त्यातही निम्मा चेहरा मुंडावळ्यांमागे.

त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई आम्हांला कारेलीबागेतल्या घरी घेऊन आल्या. यंत्र नव्हते, म्हणून आम्ही पुन्हा कधी चाललो नाही. चाळीस वर्षे माळ्यावर राहिलो. खाली स्नेहलताताई मोठ्या झाल्या, त्यांची लेक निरुपमा रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाली. तिनेच मुंबईची एक प्रयोगशाळा शोधली. तिथे जुन्या फितींवरून संगणकात प्रत करतात.

पण फीत वयाबरोबर आकसते. नव्या फितीवर कडेच्या शंभर भोकांची लांबी चारशे पंचाहत्तर मिलिमीटर भरते. प्रयोगशाळेने फोनवर बजावले होते, "कुठेही चारशे सत्तरच्या खाली गेली असेल तर पाठवू नका. आमच्या यंत्राचे दात भोके फाडतील."

निरुपमाने मला पांढऱ्या चादरीवर ठेवले आणि अर्ध्या मीटरची पोलादी पट्टी काढली.

"छुंद्याच्या बरणीला बांधतात तसं घट्ट बांधलं होतं मी," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "पावसाळी हवा लागू नये म्हणून. मग कसं गं नासलं?"

"आजी, या फितीतून आम्ल सुटतं. ते बाहेर पडलं नाही तर आणखी आम्ल तयार करतं. कोंडलं की वाढतं."

"आणि हा मेला चेपका डबा! याचं झाकण बसेना म्हणून किती चडफडले मी."

"नाही बसलं तेच बरं," स्नेहलताताई म्हणाल्या.

मंदाकिनीबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे पाच मी मारले."

"आई, तू ठेवलेस म्हणून हा एक तरी आहे. आता शांती राख ने, शांत बस जरा. निरूचा हात हलेल."

हात हलला असता तर मी तुटलेच असते. माझी कड सुकली होती, प्रत्येक वेढा सुटताना कुरकुरत होता. सुरुवातीला पट्टीने चारशे त्र्याहत्तर दाखवले. मध्यावर चारशे बाहत्तर. श्रीकृष्णांचा चेहरा सगळ्यांत आतल्या वेढ्यांत होता, आणि आतले वेढे जास्त आकसतात.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी जुनी फीत असेल तर तिला थंड, कोरड्या जागी ठेवा. झाकण मेणाने वा कापडाने बंद करू नका. वर्षातून एकदा तरी डबा उघडून वास घ्या, आणि आंबट वास आला तर त्याच आठवड्यात कुणा जाणकाराला दाखवा. पुढच्या वर्षी बघू म्हणू नका. माझ्या पाच भावंडांना ती सवड मिळाली नाही.

शेवटचे वेढे सुटले. स्नेहलताताईंनी मला खिडकीच्या उजेडासमोर धरले. नखाएवढ्या चौकटीत एक चेहरा होता, केसांवाचूनचा.

"डोळे मिटलेत गं, आई."

"पुढच्या चौकटींत उघडतात," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "थोडं पुढे जा."

"आधी मोजू दे," निरुपमा म्हणाली. तिने तोच तुकडा पट्टीलगत सपाट ठेवला. शंभर भोके म्हणजे पंचवीस चौकटी, पडद्यावरचा जेमतेम एक सेकंद. तिघींनी वेगवेगळी मोजली, तिघींचीही शंभर भरली. निरुपमा पट्टीवर वाकली आणि तिने आकडा वाचला.

चारशे सत्तर पूर्णांक पाच मिलिमीटर.