रोजचं मीठ, उपासाचं मीठ

“झाकण घट्ट लाव. मिठाला वाफ लागू देऊ नको.” गौरम्मा या घरात सून म्हणून आल्या, तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी सांगितलेलं हे मला अजून ऐकू येतं.

मी एक जुनी चिनीमातीची बरणी आहे, वर तपकिरी, खाली पांढरी. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या एका स्वयंपाकघरात, गॅसपासून हातभर लांब फळीवर बसते. मित्रांनो, माझा जन्म भट्टीच्या आगीत झाला, पण आयुष्य गेलं मिठाला सांभाळण्यात. आधी माझ्यात खडेमीठ असे, पुढे आयोडीनचं बारीक मीठ आलं. स्नान, लिंगपूजा आटोपली की गौरम्मांचा कोरडा हात माझ्यात यायचा. “हिच्यातलं मीठ कधी पाझरत न्हाई बघ,” असं त्या कौतुकानं म्हणायच्या.

मग त्यांचा मुलगा विरेश मोठ्या दुखण्यातून उठला. गौरम्मांनी देवापुढे व्रत धरलं, सोमवारच्या उपासाचं सैंधव आता रोज खायचं. आयोडीन म्हणजे औषध, आणि औषध मिसळलेलं मीठ व्रताला चालत नाही, असा त्यांचा समज. त्यांची आमटी वेगळी, मिठाची डबीही वेगळी. मासे-अंडी घरात नव्हतीच, दूध त्यांना पचत नसे, म्हणजे आयोडीन मिळायची दुसरी वाटही नव्हती. बाकीचे माझ्यातलं मीठ खात, पण तो ओळखीचा हात मात्र यायचा थांबला.

काही वर्षांनी, भाकरी गिळताना त्यांच्या गळ्यात एक गाठ वरखाली होताना सुनेला, भुवनेश्वरीला, दिसली. ती त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. परत आल्यावर गौरम्मा आणि त्यांना ‘अत्ती’, म्हणजे सासूबाई, म्हणणारी ती, दोघी माझ्यासमोरच बोलत बसल्या.

“गाठीत सुई घालून तपासायचं म्हणत्यात. नको गं! सुई लावली की गाठ चवताळती,” गौरम्मा म्हणाल्या.

“कोण म्हणतं?”

“शेजारची सोजरबाई.”

“त्या तर मूठभर मीठ खा, गाठ विरघळंल, असंबी म्हणत्यात की! अत्ती, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? गळ्यातल्या ग्रंथीला आयोडीन लागतं. वर्षानुवर्षं कमी पडलं तर ती सुजती, काही गाठींत कॅन्सरचा धोकाबी वाढू शकतो. लई जास्त झालं तरी त्रासच. बहुतेक गाठी साध्या असत्यात, पण सुईबिगर कळणार कसं?”

“आणि व्रत?”

दारातून त्यांचे यजमान महादेवप्पा म्हणाले, “देवानं पोरगा बरा केला, तो काय तुला आजारी पाडायला व्हय?”

गौरम्मांनी सैंधवाची डबी जवळ ओढली. मग हळूच म्हणाल्या, “सैंधव सोमवारपुरतं ठेवते. बाकीच्या दिवसांसाठी त्याच्या बदल्यात चहा सोडते.”

“चहा सोडू नको बाई! आमचं डोकं खाशील!” महादेवप्पा म्हणाले.

गौरम्मा हसल्या. सुनेचा हात धरून म्हणाल्या, “बुधवारी सुईला येते. शब्द दिला.”

त्या संध्याकाळी त्यांचा हात पुन्हा माझ्यात आला. चिमूटभरच मीठ घेतलं त्यांनी.

मित्रांनो, मी कुणाचं दुखणं बरं करू शकत नाही. माझं मागणं एवढंच की रोजचं मीठ आयोडीनचं असू द्या, बेतानं खा, आणि गळ्यात गाठ दिसली तर ती श्रद्धेच्या आड लपवू नका. देव तपासून घेणाऱ्यावर रागावत नाही.

आज बुधवार. पूजा झाली आहे. भुवनेश्वरी अजून वेणी घालते आहे. गौरम्मांनी कपाळावरची विभूती आरशात एकदा पाहिली, पिशवीत तपासणीचे कागद ठेवले आणि सुनेला हाक न मारता चपला पायात सरकवून त्या दवाखान्यात जायला जिना उतरू लागल्या.