चिकाच्या चार बाटल्या

तबेल्यात मालकापासून गड्यांपर्यंत सगळ्यांची मावशी एकच. बावीस वर्षं तिने गाभण घोड्या सांभाळल्या होत्या, किती शिंगरं पुसून उभी केली याची गणतीच नव्हती, आणि कामात ती नाकावर माशी बसू देत नसे. बादली नीट घासलेली नसली की गड्याची बिनपाण्याने हजामत ठरलेली. "मुकं जनावर आहे, तुमच्यासारखी कटकट करत नाही, म्हणून काहीही खपवाल होय?"

अशा बाईने आईस्क्रीमपायी माती खाल्ली, हे कुणाला सांगून पटलं नसतं.

झालं असं. औषधांच्या खोलीत एक फ्रीझर होता आणि त्यात चिकाच्या चार बाटल्या. घोडी व्याली की पहिल्यांदा जे दाट, पिवळसर दूध येतं, तो चीक. शिंगराच्या अंगात जन्मतः रोगाशी लढायची ताकद नसतेच म्हटलं तरी चालेल. ती मिळते चिकातून, तीही पहिल्या दिवसातच, आणि जितकी लवकर तितकी बरी. म्हणून भरल्या कासेच्या घोडीचा थोडा चीक काढून अडीअडचणीसाठी गोठवून ठेवायचा. हे काम मावशीचं. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्याही तिच्याच अक्षरातल्या.

तीन आठवड्यांपूर्वी नातीचा वाढदिवस होता. घरच्या फ्रीजमध्ये आईस्क्रीमचे डबे मावेनात. "दोन तासांचा तर प्रश्न," म्हणत मावशीने ते तबेल्याच्या फ्रीझरमध्ये कोंबले आणि बाटल्या काढून फळीवर ठेवल्या. मग पाहुणे, फुगे, पोरांचा धिंगाणा. बाटल्या आठवल्या दुसऱ्या दिवशी दुपारी. चीक वितळून कोमट झाला होता. असा चीक सरळ ओतून द्यायचा, हे तिनेच नव्या माणसांना शिकवलं होतं. पण रिकाम्या बाटल्या दिसल्या की चार प्रश्न येणार. तिने त्या गुपचूप परत ठेवल्या. पुढची घोडी व्याली की बदलून टाकू, एवढंच तर आहे, असं तिने स्वतःला समजावलं. बाटल्या पुन्हा घट्ट गोठल्या, वरून अगदी पहिल्यासारख्या.

आणि पुढची घोडी निघाली तांबडी. सकाळी सहाला व्याली, शिंगरू तासाभरात काटकुळ्या पायांवर उभं राहिलं. घोड्यांची डॉक्टर, मावशीच्या लेकीच्या वयाची मुलगी, कास दाबून पाहत म्हणाली, "चार दिवस गळत होती हो ही. चीक सगळा जमिनीत गेला, आता नुसतं पांचट दूध आहे. पण आपल्याला काय चिंता? मावशींचा साठा आहे ना!"

बोलायची वेळ हीच होती, हे मावशीला कळत होतं. पण जीभ रेटेना. तिने बाटल्या कोमट पाण्यात ठेवल्या. थोडंतरी सत्त्व उरलं असेल, असं मन म्हणत होतं, आणि मन खोटं बोलतंय हेही तिला ठाऊक होतं. शिंगराने मान उंचावून चुटुचुटु बाटली संपवली आणि ओलं तोंड तिच्या बाहीला पुसलं. गडी कौतुकाने बघत होते. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवसभर तिने एकच बादली तीनदा घासली.

तीन वाजता डॉक्टर निघायला आली. "उद्या रक्त तपासू. नुसता शिरस्ता म्हणून हं. तुमच्या हाताखाली कधी काही बिघडलंय का?"

"बिघडलंय," मावशी म्हणाली. "तो चीक खराब होता. नातीच्या वाढदिवसाला अख्खी रात्र बाहेर राहिला. तुम्ही दोनदा मागून घेतलंत ना आईस्क्रीम, ते त्याच्या जागी ठेवलं होतं मी."

डॉक्टरने उचललेली पिशवी परत खाली ठेवली. "सकाळी का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"नऊ तास गेले, मावशी!" एवढंच बोलून तिने फोन काढला. तासाभरात शेजारच्या तबेल्यातून चीक आला, नळीने शिंगराच्या पोटात गेला. दुसऱ्या दिवशी रक्त तपासून डॉक्टर म्हणाली, "अर्धंमुर्धं लागू पडलंय. मालकांना मी सांगणार नाही. तुमचं तुम्ही बघा."

चौथ्या दिवशी शिंगराला ताप भरला, पुढच्या एका पायाचा गुडघा सुजला. दोन आठवडे इंजेक्शनं झाली, मावशी घरी फक्त आंघोळीला गेली. शिंगरू वाचलं. गुडघा मात्र पुरता वाकेनासा झाला. मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "मावशींनी जिवाचं रान केलं म्हणून वाचलं." मावशी बादल्या घासत राही.

महिन्याभराने एका सकाळी मालक कुंपणाशी उभे होते. मावशीला बघताच शिंगरू आईला सोडून लंगडत धावत आलं. रोज यायचं. पहिली बाटली तिनेच पाजली होती ना. बाही तोंडात धरून ते चोखायला लागलं.

"बघा, उपकार विसरलं नाही!" मालक हसले.

"उपकार कसले, मालक," मावशी म्हणाली. "हा गुडघा माझ्यामुळे गेलाय. मी याला नासका चीक पाजला, माहीत असून पाजला."

मालकांचं हसू मावळलं. शिंगरू मात्र बाही सोडायला तयार नव्हतं.