मामांचा वाफसा

शिजत्या हळदीचा उग्र, उबदार वास आला की मला आधी मामांची बोटं आठवतात. नखांच्या कडांपर्यंत पिवळी, माझ्या गणिताच्या पुस्तकावर ठसा उमटू नये म्हणून पुन्हा पुन्हा धोतराला पुसलेली. मामा म्हणजे माझे सासरे. कुरुंद्याच्या शिवारात आयुष्य घातलेला, मितभाषी आणि कमालीचा हट्टी माणूस.

शिक्षक भरतीच्या परीक्षेत मी दोनदा आपटले होते. तिसरी खेप शेवटची. हुकली तर पुस्तकं बांधून माळ्यावर टाकायची, हे माझं मीच ठरवलं होतं. ते मी बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मामा साठवणीतली हळद घेऊन हिंगोलीला गेले, तिथली एक अभ्यासिका दारातूनच न्याहाळून आले, आणि हळदीच्या खोलीतली पोती एका अंगाला सारून त्यांनी तिथल्यासारखंच टेबलाभोवती तीन बाजूंनी प्लायवूड ठोकलं. घाण्याच्या बैलाला झापड लावावी तशी मी आत बसू लागले. डोकं उठायचं, पण सांगणार कोणत्या तोंडाने?

सांगावं लागलंच नाही. एका दुपारी मामा स्वतः त्या खुराड्यात वर्तमानपत्र घेऊन बसले आणि दहाव्या मिनिटाला घोरू लागले. सासूबाई हसून हसून बेजार. जाग आल्यावर, पेरणीआधी मातीचं ढेकूळ मुठीत दाबून पाहावं त्या गांभीर्याने, मामांनी टेबलावर तळहात ठेवला.

"इथं वाफसा न्हाई, पोरी. कोंडल्या जाग्यात बी कुजून राहिलं."

वाफसा! ओल आणि हवा मातीत जुळून येतात ती पेरणीची नेमकी वेळ. तो शब्द त्यांनी माझ्या अभ्यासाला लावला आणि मला चक्क रडू आलं. त्याच संध्याकाळी प्लायवूड निघालं. उजेड डावीकडून यावा, हाताची सावली अक्षरांवर पडू नये, म्हणून मामांनी टेबल तीनदा फिरवलं आणि अखेर खिडकीशी आणलं. सकाळी परसातल्या हळदीच्या रुंद पानांतून गाळून आलेला हिरवट प्रकाश माझ्या वहीवर अलगद उतरला. दारावर त्यांनी खांद्यावरची दस्ती टांगली. ती दिसली की मला कुणी हाक मारायची नाही, असा घरात हुकूम सुटला. मग काय, सासूबाई भांडीसुद्धा कुजबुजत घासायच्या! तासाभराने मामाच दाराशी खाकरायचे, बांधापर्यंत पाय मोकळे करून ये म्हणायचे, आणि मी निमूट जायचे.

मी पास झाले. आता सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला एका शाळेत शिकवते. आम्ही नवरा-बायको तिकडेच राहतो. परवा न कळवता कुरुंद्याला गेले. खोली पोत्यांनी भरली होती, टेबल मात्र मोकळं होतं, दारावर ती विटलेली दस्ती होती, आणि ओसरीत सासूबाई नि मामा हळू आवाजात बोलत होते. काहून एवढं हळू, म्हणून विचारलं, तर मामा लाजले.

"सवय लागली, पोरी."

ऋतू सरतात, माणसं आपापल्या कामाला दूर जातात. त्या घरात मात्र, मी नसतानाही, माझा अभ्यास अजून चालू आहे.