दोरीपलीकडचे रांजण

ओक-रानच्या नोकरीचा तो पहिला दिवस होता, म्हणून सासूबाईंनी मोड आलेल्या सोयाबीनच्या सूपमध्ये मिरची जरा हात सोडून घातली होती. "पोटभर खाऊन जा. संघात भाऊजी दुपारपर्यंत कुणाला उठू देत नाहीत," असे म्हणत त्यांनी सुनेच्या वाडग्यात आणखी भात लोटला. सासरे मुळ्याची आंबवलेली किमची चघळत होते. सुनेच्या अंगावरचा पांढरा कोट त्यांनी दोनदा निरखला आणि मान खाली घातली. दोन वर्षांपूर्वी याच घरात तिच्या अंगावर सुतकाचे पांढरे कपडे होते.

त्यांचा मुलगा सांग-उक घाटात ट्रक उलटून गेला. ट्रकचे ब्रेक निकामी झाले होते, हे पोलिसांनी सांगितले, गॅरेजवाल्याने सांगितले. सोलगोल गावाने मात्र स्वतःचा निकाल दिला. विधवेसाठी आमच्या भाषेत एक जुना, सभ्य समजला जाणारा शब्द आहे. त्याचा अर्थ 'अजून न मेलेली'. सुशिक्षित मंडळी तो वापरतात. बाकीचे सरळ 'नवरा गिळलेली' म्हणतात. अशा बाईची सावली रांजणावर पडली की आतला जांग नासतो, असे आमच्याकडे मानतात. सोयाबीनचे गोळे मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरवायचे, तेव्हा कुठे तो तयार होतो, आणि त्याच्याशिवाय आमच्या घरात एक जेवण होत नाही. ओक-रान मात्र दोन वर्षांत परसातल्या रांजणातून चमचाभर जांगसुद्धा काढू शकली नव्हती.

म्हणून मधल्या काळात ती शहरात जाऊन वर्षभर अन्नशास्त्र शिकली. तिथल्या प्रयोगशाळेत तिने याच विधवेच्या हातांनी काचेच्या भांड्यांत जांग मुरवला. एकही भांडे नासले नाही.

आता गावच्या महिला जांग संघाने तिला तंत्रज्ञ म्हणून नेमले होते. महिला संघाचे अध्यक्ष दोक-सूकाका, म्हणजे ओक-रानचे चुलत सासरे, कसे काय, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. शाळांच्या जेवणासाठी संघाचा जांग प्रथमच जाणार होता आणि त्यासाठी शिकलेल्या तंत्रज्ञाची सही लागत होती. गावात तशी शिकलेली ती एकटीच. काकांना सही हवी होती. सहीबरोबर बाईही येते, हे त्यांच्या लक्षात आले तेव्हा ती उकळलेली पळी आणि बाटल्या घेऊन रांजणांच्या ओट्यापाशी उभी होती.

ओट्याभोवती अशुभाला अडवणारी गवताची दोरी बांधलेली होती, तिच्यात लाल मिरच्या आणि कोळसे ओवलेले.

"अगं, कुठे निघालीस?" काका आडवे आले.

"नमुने घ्यायला, काका."

"तुझ्या टेबलावर येतील ते. रांजण सांभाळणारी तुझी सासूच आहे, ती आणून देईल. तू आपली खोलीत बस, यंत्रं फिरव आणि सही कर. पगार तेवढाच मिळेल, मग ऊन कशाला खातेस?"

रांजण पुसणाऱ्या बायका फिदीफिदी हसल्या. ओक-रान परत फिरली. पहिलाच दिवस होता, आणि ही नोकरी तिला फार हवी होती.

थोड्या वेळाने सासूबाईंनी बारा बाटल्या आणून ठेवल्या. प्रत्येकीवर वेगळ्या रांजणाची चिठ्ठी होती. ओक-रानने मीठ मोजले, रंग पाहिला, जिभेवर चव घेतली. बाराही बाटल्यांत मीठ दशांशापर्यंत सारखे होते. उन्हातला रांजण आणि भिंतीच्या सावलीतला रांजण असा कधी एकसारखा मुरत नाही. ती उठली आणि नळाजवळ फडकी धूत बसलेल्या सासूबाईंकडे गेली.

"आई, या सगळ्या बाटल्या एकाच रांजणातल्या आहेत."

"सही करून टाक, पोरी."

"बाकीच्या रांजणांत काय झालंय?"

सासूबाईंनी फडके उगाचच पुन्हा पिळले. "मागच्या ओळीतले नासलेत चार-पाच. मागच्या वादळात झाकणं तडकली, पाणी शिरलं. मला उशिरा कळलं."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगू? झाकणाकडे कोण बघणार आहे? सगळे तुझ्याकडे बघतील. म्हणतील, हिच्या घरात ती बया राहते, म्हणून हिचा हात नासला. तुला घराबाहेर काढायला लावतील मला. सांग-उक गेला, आता तूच आहेस आम्हाला." त्यांनी फडके खाली ठेवले. "थोडं थोडं चांगल्यात मिसळलं की कळत नाही कुणाला."

"शाळेतल्या पोरांच्या ताटात जाणार आहे ते, आई."

सासूबाई पुढचे फडके धुऊ लागल्या. ओक-रानला रडू आले आणि संतापही आला. या बाईची माया खरी होती, आणि त्या मायेलाच या रितीने खोटेपणा शिकवला होता. तडकलेले झाकण दोन दिवसांत बदलता आले असते. पण जिथे नासले की आधी अवदसा कोण ते शोधतात, तिथे नासलेले लपवलेच जाते. तिने पळी पुन्हा उकळत्या पाण्यातून काढली, बाटल्या घेतल्या, सरळ ओट्यापाशी गेली आणि दोरी उचलून आत शिरली.

"अगं बाई! शिरली की आत!" रांजण पुसणारी माक-सुनमावशी ओरडली.

काका धावत आले. तोवर ओक-रानने मागच्या ओळीतल्या पहिल्या रांजणाचे झाकण काढले होते. आंबट भपकारा आला. वर करडे पाणी साचले होते आणि त्यात अळ्या वळवळत होत्या.

"बघा! हात लावला नाही तोच नासलं!" काका गरजले.

"अहो काका," माक-सुनमावशी नाक दाबून म्हणाली, "या अळ्या काय आत्ता जन्मल्या? चांगल्या पोसलेल्या दिसतात की!"

"तू गप्प बस! आणि तू, कोट काढ आणि चालती हो. सही दुसऱ्या कुणाची आणीन मी."

"आणा," ओक-रान म्हणाली. "पण हे रांजण बाजूला काढल्याशिवाय मी हलणार नाही. आणि ते चांगल्यात मिसळलेत तर शाळेत जाऊन मीच सांगेन."

"तुझ्यामुळे नासले, हे मी गावभर सांगेन!"

"सांगा. दोन वर्षं तेच सांगताय."

तेवढ्यात सासूबाई ओल्या हातांनीच दोरीच्या आत आल्या. सोलगोलमध्ये त्यांचा रांजण कधी नासत नाही, अशी त्यांची ख्याती होती; लोक सुनेला जांग घालायला शिकवायचे तर त्यांच्याकडे पाठवत.

"भाऊजी, हे महिन्यापूर्वीच नासलेत. मी लपवले, आणि बाटल्याही मीच एका रांजणातून भरल्या."

"वहिनी, विचार करून बोला. तुमचं नाव जाईल."

"जाऊ दे. झाकणं मी पाहिली नाहीत, ही माझी चूक. हिची नाही. आणि माझा मुलगाही हिने गिळला नाही. ब्रेक गेले होते, भाऊजी. तुम्हाला माहीत होतं, मलाही माहीत होतं. हिच्या तोंडावर हे म्हणायला मला दोन वर्षं लागली."

काकांनी बायकांकडे पाहिले. माक-सुनमावशीने फडके कमरेला खोचले आणि एका नासक्या रांजणाची कड धरली. "उचला गं कुणीतरी दुसरीकडून. मी काय एकटी उचलू?"

"काका," ओक-रान म्हणाली, "जे रांजण मी माझ्या हाताने उघडीन, त्यांच्यावरच सही करीन. उद्याही करीन, आणि पुढच्या वर्षी जांग घालायच्या दिवशीही इथेच असेन. दोरी बांधायची तर खुशाल बांधा, मी रोज आत येईन."

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडले, पण सासूबाईंनी बाह्या वर सारल्या होत्या.

"बोलणं पुरे झालं आता," त्या सुनेला म्हणाल्या. "ऊन उतरायच्या आत अजून बाकीचे सगळे उघडायचेत. पळी धर."